टर्की झाडावर झोपते

बॉस्टनजवळच्या एका उपनगरात मावसबहिणीकडे मुक्काम होता. सकाळी सातला खिडकीखाली ठक् ठक् सुरू झालं. बघतो तर कोंबड्याच्या चौपट मोठा एक पक्षी उभ्या गाडीच्या दारावर चोच मारत होता. एक टोचा, मग मान मागे घेऊन दारातल्या स्वतःच्याच प्रतिबिंबाकडे रोखून बघणं, पुन्हा टोचा. "दुसरा नर समजून भांडतोय," बहीण म्हणाली, "रंगाची पार वाट लावलीय मेल्याने." बावळट दिसतोय, असं मी म्हणून गेलो. इंग्रजीतही या पक्ष्याचं नाव बावळटाला चिकटवतातच. त्याच संध्याकाळी पंधराएक टर्की समोरच्या ओकखाली जमल्या आणि चार पावलं धावत, पंख फडफडवत, एकेक करून थेट वरच्या फांद्यांवर जाऊन बसल्या. मी चहा हातात धरून बघतच राहिलो.

टर्कीला उडता येत नाही, हा समज पोल्ट्रीतल्या टर्कीवरून आला. छातीचं मांस वाढावं म्हणून पिढ्यान् पिढ्या निवडलेला तो पांढरा पक्षी इतका बोजड झालाय की त्याला नैसर्गिक समागमही जमत नाही. कृत्रिम रेतन करावं लागतं. रानटी नर 5 ते 11 किलोंचा, मादी साधारण त्याच्या निम्मी. थोड्या अंतरासाठी रानटी टर्की ताशी 88 किलोमीटरपर्यंत वेगाने उडते आणि जमिनीवर 40 च्या वेगाने पळते. दम मात्र कमी. रात्र झाडावर काढायची ती कोल्हे, कायोटी अशा शिकारी प्राण्यांच्या भीतीने. अंड्यातून बाहेर पडलेल्या पिलांना पहिले दोनेक आठवडे झाड गाठता येत नाही, तोवर आई त्यांना पंखाखाली घेऊन जमिनीवरच झोपते. सगळ्यात जास्त पिलं याच दिवसांत दगावतात.

टर्की पावसात आ वासून वर बघते आणि बुडून मरते, ही कथा तर अमेरिकेतही चवीने सांगतात. टर्कीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. वरचं काही बघायचं तर मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे लावावा लागतो; लोकांना त्यात वेडगळपणा दिसतो. पावसाने पिलं मरतात हे खरं, पण ती गारठून. त्यांची मऊ लव भिजली की ऊब टिकत नाही.

आता रूप. बोडकं डोकं बघून गिधाडच आठवतं. पण अंगावर पाच-सहा हजार पिसं असतात, आणि लांबून काळी वाटणारी ही पिसं उन्हात आली की तांबूस, हिरवी, जांभळी चमकतात. नर रंगात आला की बोडक्या कातडीचे रंग पालटतात: लाल, पांढरा, निळा. चोचीवरचा मांसल गोंडा एरवी बोटाच्या पेराएवढा. पिसारा फुलवला की तो लांबत चोचीच्याही खाली लोंबतो. छातीतून घोड्याच्या शेपटीसारखा राठ झुपका निघतो, त्याला तिकडे 'दाढी' म्हणतात. ते केस नव्हेत, बदललेली पिसंच. काही माद्यांनाही ती असते, त्यामुळे दाढीवरून नर ओळखायला जाऊ नये. (जाणकार विष्ठेवरून ओळखतात. नराची इंग्रजी जे अक्षरासारखी, मादीची गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली.)

पिसारा फुलवणारे दोन नर शेजारी दिसले की आपण वैरी समजतो. बऱ्याचदा ते सख्खे भाऊ असतात. वरचढ भाऊ नवरदेव, दुसरा नुसता करवला! समागम फक्त वरचढाचा. कॅलिफोर्नियातल्या कळपांचा जनुकीय अभ्यास 2005 साली प्रसिद्ध झाला, करवल्याला यात काय मिळतं, याचं उत्तर त्यात मिळालं. भावाची पिलं वाढली की आपल्याच जनुकांचा वाटा पुढे जातो.

बेंजामिन फ्रँकलिनला टर्की राष्ट्रीय पक्षी हवा होता, हीही दंतकथाच. 1784 मध्ये लेकीला लिहिलेल्या पत्रात त्याने गरुडाची टिंगल करत टर्कीला जास्त अब्रूदार ठरवलं, एवढंच. राजमुद्रेसाठी 1776 मध्ये त्याने सुचवला होता तो समुद्रावर हात उगारून फारोला बुडवणारा मोझेस.

आणि अमेरिकेत टर्की पूर्वापार गल्लोगल्ली हिंडत होत्या, असंही नाही. बहिणीच्या मॅसॅच्युसेट्समधली शेवटची रानटी टर्की 1851 मध्ये संपली. पुढे पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी सोडून पाहिले, पण शत्रू ओळखायला शिकवणारी आईच नसल्यामुळे ते टिकले नाहीत. मग 1972-73 मध्ये न्यूयॉर्क राज्यातून 37 रानटी पक्षी पकडून आणले. गाडीवर टोचे मारणारा हा बहाद्दर त्यांच्याच वंशातला असणार.

नावाचा घोळ तर जगभराचा. पक्षी अमेरिका खंडाचा, माणसाळवला मेक्सिकोत, आणि इंग्रजांनी नाव दिलं तुर्कस्तानचं. तुर्कस्तानात त्यालाच 'हिंदी' म्हणतात, डचांनी कालिकतवरून नाव पाडलं, तर पोर्तुगीज म्हणतात 'पेरू'. पोर्तुगिजांच्या गोव्यातूनच 1612 मध्ये मुकर्रबखान या सरदाराने एक टर्की जहांगीर बादशहाकडे नेली. उस्ताद मन्सूरने काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बादशहाने स्वतःही आठवणींत नोंद केली. घटकेघटकेला बदलणारे मानेचे रंग त्याने पाहिले, गोंडा लोंबला की त्याला हत्तीची सोंड आठवली आणि आखडला की गेंड्याचं शिंग. डोळ्याभोवतीचा निळा रंग मात्र कधी बदलत नाही, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नाही.