जुन्या खुर्चीचा हिशेब

निपाणीचा आमचा एक माजी विद्यार्थी गेल्या वर्षी उन्हाळ्यात घरी आला. तंबाखूच्या वखारीत तो हिशेब लिहितो. जुने लाकडी सामान स्वस्तात घ्यावे, दुरुस्त करून, पॉलिश देऊन विकावे, असे त्याच्या मनाने घेतले होते. कोणी तरी महिनाभरात पैसे दुप्पट केल्याचे त्याने मोबाइलवर पाहिले होते. वडिलांच्या निवृत्तीचे २ लाख रुपये त्यात घालावेत काय, हा त्याचा प्रश्न. मराठीच्या मास्तराने यावर काय सांगावे? स्वतः एक वस्तू करून पाहिल्याखेरीज उत्तर द्यावयाचे नाही, असे आम्ही ठरविले.

बेळगावास हा व्यवहार परका नाही. १८१८ साली इंग्रजांनी येथला किल्ला घेतला, पुढे छावणी वसली, आणि बंगल्यांबरोबर मेजे, आरामखुर्च्या, कपाटे आली. खानापूर-दांडेलीचे सागवान जवळच. आता जुनी घरे पाडून इमारती उभ्या राहतात, तेव्हा हे सामान माळ्यावरून रस्त्यावर येते. इंदूर-बडोद्याच्या वाचकांच्या माळ्यावरही असे काही असेलच.

शहापुरातील अशाच एका घरातून जूनअखेर आम्ही ९०० रुपयांस वेताची आरामखुर्ची घेतली. टेंपोचे ३००. घरी सुतारमामांनी ती उलटी केली मात्र, मागच्या पायातून पिठासारखा भुसा गळू लागला. "सर, घ्यायच्या आधी उलटं करून बघायचं की!" सागाचा गाभा सहसा किडत नाही, बाहेरचे पांढुरके लाकूड मात्र भुंगेरे पोखरतात, आणि तो पाय नेमका तसल्या लाकडाचा निघाला. नवा पाय आणि सांध्यांची दुरुस्ती, दोन दिवसांचे १६०० झाले. वेत विणणारा शोधण्यात पंधरवडा गेला. त्याने १२०० घेतले.

घासण्याचे काम आम्ही स्वतः केले, अकरा दुपारी. मग लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर दिले. येथे आमची दुसरी फजिती झाली. बेळगावचा आषाढ म्हणजे हवेतच पाणी. त्या ओलीने पॉलिश दुधाळ झाले, सारे पुसावे लागले आणि दिवाळीनंतर पुन्हा आरंभ करावा लागला. साहित्याला एकूण ४५० लागले. मार्गशीर्षात खुर्ची ४८०० रुपयांस गेली. खर्च ४४५०, उरले ३५०. दुपारी ३२ रुपयेदेखील पडले नाहीत! शिवाय चार-पाच महिने पडवी अडली, त्याबद्दल सौभाग्यवतींचे बोलणे वेगळेच.

सुतारमामांनी तीच खुर्ची केली असती तर मजुरीचे १६०० त्यांच्याच खिशात राहिले असते. खरे म्हणजे, भुसा पाहून त्यांनी ती ३०० ला मागितली असती, नाही तर सोडून दिली असती. नवख्याचा नफा जातो तो येथेच, वस्तू घेताना. पॉलिश शिकता येते. पण खालची बाजू, कप्प्याचा तळ, वर सागाचा पापुद्रा लावलेले प्लायवुड ओळखणारी नजर चारसहा वस्तूंत बुडाल्यावर येते. मोठी कपाटे तर हल्लीच्या सदनिकांच्या दारातून आत जात नाहीत. तिवया, पाट, लहान पेट्या लवकर खपतात.

परदेशी गिऱ्हाइकाचीही त्याला आशा होती. कलाकुसरीची शंभर वर्षांहून जुनी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर धाडता येत नाही, हा १९७२ चा कायदा आम्ही त्यास सांगितला. वडिलांच्या पैशास हात लावू नये, नोकरी सोडू नये, रविवारी सुतारमामांकडे बसावे आणि पाऊस सरल्यावर स्वतःच्या पगारातून एखादी लहान वस्तू घ्यावी, एवढेच आम्ही सुचविले. तो खट्टू झाला. काही महिने फिरकला नाही.

परवा मात्र दुचाकीला शिसवी तिवई बांधून आला. ती दारातच उलटी करून त्याने आम्हांस चारही पाय दाखविले. किंमत विचारली, तर हसला. अजून घासावयाची आहे म्हणाला.