शून्याने भागलेली राशी आणि आलेखातील खोटी रेषा

य = १/क्ष या फलाचा आलेख संगणकाकडून काढविताना पुष्कळदा एक चमत्कारिक गोष्ट दृष्टीस पडते. वक्राच्या दोन्ही शाखा यथास्थित उमटतात. परंतु त्यांना जोडणारी एक उभी रेषाही शून्यापाशी उमटते. ही रेषा फलाची नव्हे. ती कोठून येते व तिचे निवारण कसे करावे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय होय.

संगणकाला फल दिसत नाही, केवळ बिंदू दिसतात. −५ ते ५ या अंतरालात समान अंतरावर १००० बिंदू घेतले, तर ही संख्या सम असल्यामुळे शून्य त्यांत येतच नाही. शून्यालगतचे बिंदू सुमारे −०.००५ व +०.००५ हे असून तेथील मूल्ये सुमारे −२०० व +२०० येतात. ती सरळ जोडली गेली की खोटी रेषा तयार होते. १००१ बिंदू घेतल्यास शून्य नेमके सापडते आणि रेषा खंडित होते. म्हणजे आलेखाचा खरेपणा बिंदूंच्या सम-विषमतेवर अवलंबून राहतो!

१९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकानुसार शून्येतर संख्येला शून्याने भागले असता ‘अनंत’, आणि शून्याला शून्याने भागले असता ‘नॅन’, म्हणजे ‘संख्या नव्हे’, हे मूल्य मिळते. नॅन स्वतःशीही समान नसते. म्हणून ते ओळखण्यास स्वतंत्र कसोटी लागते. पायथनमधील नंपाय ही प्रथा पाळते व मॅटप्लॉटलिब अशा स्थळी रेषा तोडते.

नॅनच्या जागी शून्य भरण्याचा मोह मात्र आवरला पाहिजे. (ज्या क्ष)/क्ष या फलात तसे केल्यास १ कडे जाणारा वक्र आदिबिंदूपाशी अकस्मात शून्यावर कोसळतो. ही चूक जुनी आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली शून्य भागिले शून्य हे शून्यच मानले होते. ज्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवाने चाळीसगावनजीक पाटण येथे मठ स्थापिला, त्या भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात शून्याने भागलेल्या राशीस ‘खहर’ म्हटले आणि तीत काही मिळविले वा वजा केले तरी ती बदलत नाही, असे सांगितले. मानकातील ‘अनंत’ सान्त संख्यांच्या बाबतीत नेमके असेच वागते.

व्यवहारात तीन प्रकार वेगळे करावेत. पहिला, ऋण संख्येच्या वर्गमूळासारखा, जेथे बिंदू प्रांताबाहेर असतो. तेथे नॅन तसेच राहू द्यावे. दुसरा, (ज्या क्ष)/क्ष सारखा, जेथे सीमा अस्तित्वात असते. तेथे ती सीमा गणिताने सिद्ध करून मगच मूल्य भरावे. तिसरा, १/क्ष सारखा. येथे छेदाची मुळे आधी शोधून त्या स्थळी नॅन आपण होऊन घालावे.

दोन बिंदूंमधील उडी मोठी दिसताच रेषा तोडावी, असा सोपा नियम काही जण वापरतात. तो विश्वसनीय नाही. १००० क्ष या राशीची व्यस्त स्पर्शज्या सर्वत्र सतत आहे. तरी वरील १००० बिंदूंत शून्यापाशी तिचे मूल्य सुमारे −१.३७ वरून +१.३७ वर जाते. उडी खरी की आभासी, हे बिंदूंच्या यादीवरून ठरत नाही. त्यासाठी फलाचाच विचार करावा लागतो, आणि तो आलेख काढण्यापूर्वी करावयाचा असतो.

मनीषनगर, नागपूर