खंडेनवमीआधी गाडीच्या खाली: टाय रॉड, लिंक रॉड आणि लोअर आर्म घरी बदलताना

पाऊस ओसरला की आपल्या बेळगावात दोन गोष्टी सुरू होतात. गोव्याला जायचे बेत ठरतात आणि गाडीच्या पुढच्या बाजूने टकटक ऐकू येऊ लागते. जांबोटी, कणकुंबीवरून चोर्ल्याच्या घाटातून चार महिने ये-जा केलेल्या गाडीला ती लागायचीच. खंडेनवमीला आपण गाडी धुतो, झेंडूचा हार घालतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. त्याच्या आधीच्या एखाद्या रविवारी चाकाच्या मागेही बघावे, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही मंडळातले तिघे-चौघे गेली काही वर्षे ही कामे अंगणात करतो. आमच्यात मेस्त्री कुणी नाही. सुरुवात झाली ती एका सभासदाच्या गाडीवरून. टकटक ऐकून एका गॅरेजात सांगितले की पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर गेले. खाली वाकून पाहिले तर लिंक रॉडचा गोळा सैल झाला होता, बाकी सगळे ठीक. लिंक रॉड बदलला, आवाज थांबला.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांची पुढची रचना सारखीच असते. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने १९४० च्या दशकात आखलेला स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र केलेला उभा खांब, वरून बॉडीला आणि खालून चाकाच्या हबला जोडलेला असतो. हबचे खालचे टोक लोअर आर्म धरून ठेवतो. या आर्मला एका टोकाला बॉल जॉइंट आणि दुसऱ्या बाजूला रबरी बुश असतात. स्टेअरिंगच्या रॅकमधून निघालेला टाय रॉड चाक वळवतो. लिंक रॉड ही स्टॅबिलायझर बार आणि स्ट्रट यांना जोडणारी बारीक दांडी. लिंक रॉड तुटला तर वळणावर गाडी जास्त कलते, पण हाताबाहेर जात नाही. टाय रॉड एंड किंवा बॉल जॉइंट निसटला तर ते चाक स्टेअरिंगचे ऐकतच नाही, आणि घाटात हे घडले तर पुढचे सांगायला नको.

आधी दोष कुठे आहे ते शोधावे. गाडी जमिनीवर, इंजिन बंद. एकाने स्टेअरिंग थोडे थोडे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने टाय रॉडच्या टोकावर बोट ठेवावे. चाक हलायच्या आधी तिथे खटका लागला तर टाय रॉड एंड गेला समजा. मग चाक उचलून घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून हलवा, नंतर बारा आणि सहाच्या जागी. पहिल्या प्रकारात ढिलाई दिसली तर दोष बहुधा टाय रॉडकडे, दुसऱ्यात बॉल जॉइंट किंवा व्हील बेअरिंगकडे. फाटलेला रबरी बूट दिसला तर ढिलाई नसली तरी तो जॉइंट बदलावाच. आत चिखल गेला की तो फार काळ टिकत नाही.

आता गाडी उचलण्याबद्दल. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता. त्याच्या भरवशावर हातसुद्धा गाडीखाली घालू नये. दोन चांगले लोखंडी स्टँड विकत घ्या. चिरे किंवा विटा रचून गाडी ठेवण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, पण चिरा भाराखाली कधी फुटेल ते सांगता येत नाही. जमीन फरशीची किंवा काँक्रीटची हवी, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, हँडब्रेक वर. आणि काम एकट्याने करू नये.

टाय रॉड एंड काढताना आधी लॉकनट जेमतेम पाव फेरा सैल करा. मग गोळ्याचा नट, बहुधा १७ किंवा १९ चा पाना लागतो. तो किल्ल्यासारख्या खाचांचा असेल तर स्प्लिट पिन आधी काढावी लागते. नट पूर्ण काढू नका, शेवटच्या काही आट्यांवर ठेवा, म्हणजे दांडी एकदम सुटून अंगावर येणार नाही. निमुळती दांडी भोकात घट्ट बसलेली असते. वरून आट्यांवर ठोकले तर आटे चेपतात. हबच्या ज्या कानात ती बसली आहे त्या कानावर बाजूने हातोडीचे दोन-तीन जोरकस ठोके द्या, पकड सुटते. आम्ही पहिल्यांदा अर्धा तास भलत्याच जागी ठोकत बसलो होतो.

जुना एंड फिरवून काढताना पूर्ण फेरे मोजा आणि कागदावर लिहा. नवा तितकेच फेरे बसवा. नव्या भागाची लांबी किंचित वेगळी असू शकते, म्हणून लॉकनटपासून गोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतरही मोजून ठेवा. एक फेरा म्हणजे साधारण सव्वा ते दीड मिलिमीटर, आणि टायर आतून झिजायला तेवढा फरक पुरतो. खाचांचा नट आवळल्यावर भोक जुळत नसेल तर नट पुढच्या खाचेपर्यंत आणखी आवळायचा, मागे सैल करायचा नाही. पिन नेहमी नवी.

लिंक रॉडचे काम सोपे, फक्त पुढची दोन्ही चाके एकाच वेळी वर किंवा एकाच वेळी खाली हवीत. एकच चाक उचलले तर बार पिळलेला राहतो आणि बोल्ट भोकात जात नाही.

लोअर आर्ममध्ये आमची चूक झाली. नवा आर्म चढवला आणि चाक हवेत लोंबकळत असतानाच बुशचे बोल्ट करकचून आवळले. वर्षाच्या आत रबर फाटले. बुशचे रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला चिकटवलेले असते. ते बोल्टभोवती फिरत नाही, पिळते. गाडी हवेत असताना आवळले तर ती खाली उतरताच रबर कायमचे पिळलेले राहते. म्हणून बोल्ट आधी हातापुरते बसवा, गाडी चाकांवर उतरवा, पुढे-मागे ढकला आणि मग आवळा. खाली हात पोचत नसेल तर जॅकने आर्म हलकेच वर उचलून गाडी जमिनीवर असताना जेवढा असतो तेवढ्या उंचीला आणा, पण गाडी स्टँडवरच राहू द्या. बॉल जॉइंट सोडवल्यावर हब बाहेर ओढू नये, ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निसटतो. ब्रेकच्या होजवर ताण येऊ देऊ नये.

नुसते बुश बदलायचे तर हातोडीने ठोकत बसू नका. उद्यमबागेत हायड्रॉलिक प्रेस असलेली वर्कशॉप आहेत, तिथे काढलेला आर्म घेऊन जावे. स्ट्रटच्या बाबतीत आम्ही याहूनही कडक आहोत. पूर्ण जुळवलेला स्ट्रट घरी बदलता येतो, पण वरचा मधला नट सोडून स्प्रिंग वेगळी करणे आम्ही करत नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जायबंदी होतो, जीवही जाऊ शकतो. ते काम योग्य कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजलाच द्यावे, आणि स्ट्रट नेहमी जोडीने बदलावेत.

नट किती आवळायचा हे अंदाजाने ठरवू नये. टॉर्क पाना महाग वाटतो, म्हणून आमच्यात एकच आहे आणि तो फिरत असतो. छोट्या गाड्यांच्या चाकांच्या नटांचा आकडा बहुधा ८५ ते ११० न्यूटन-मीटरच्या आत असतो. बाकीचे आकडे तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलेच घ्या.

टाय रॉड एंड किंवा लोअर आर्म बदलला की अलाइनमेंट करावीच लागते. आधी गल्लीत सावकाश एक फेरी मारा, ब्रेक दोनदा दाबून बघा, मग हळू चालवत टायरवाल्याकडे जा. स्टेअरिंग सरळ धरूनही गाडी एकीकडे ओढत असेल तर तिथे ते सांगा. शंभरेक किलोमीटर झाले की सगळे नट एकदा परत तपासा, आणि ते होईपर्यंत घाटाचा बेत ठेवू नका.