कॅमेऱ्यातला 'ऑटो' आणि आपण



फोटो काढायचा छंद आहे असं सांगितलं की बहुतेकींचा पहिला प्रश्न असतो, "कुठला कॅमेरा घेऊ?" दुकानात गेलं तर दुकानदार सोबत आलेल्या पुरुषाकडे बघून बोलतो आणि आपल्याला शेवटी सांगतो, "ताई, तुम्ही ऑटोवर ठेवा, सगळं आपोआप होतं." मग महागाचा कॅमेरा घरी येतो, त्याची चकती 'ऑटो'वर फिरते आणि पुढची पाच वर्षं तिथंच राहते. फोटो मोबाईलसारखेच येतात. मग वाटतं, आपला कॅमेरा हलका आहे, याहून मोठा घ्यायला हवा. पैसे जातात ते इथं. म्हणून आज मी कुठला कॅमेरा घ्यावा हे सांगणार नाही. ऑटो म्हणजे नेमकं काय, तो कुठं चुकतो आणि तो निर्णय आपल्या हातात कसा घ्यायचा, हे सांगणार आहे. तुमच्याकडे साधा मोबाईल असला तरी यातलं बरंचसं उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे कॅमेरा प्रकाश कसा मोजतो. कॅमेऱ्याला समोर काय आहे ते नीटसं कळत नाही. समोरून किती उजेड येतोय तेवढाच तो मोजतो. आणि जगातलं कुठलंही दृश्य सरासरी काढली तर मध्यम करड्या रंगाइतकं उजळ असतं, असं तो धरून चालतो. बऱ्याच वेळा हे खरंही ठरतं. घर, झाडं, माणसं, रस्ता, सगळं मिसळून सरासरी मध्यमच येते. पण समोर एकाच प्रकारचा रंग जास्त आला की हिशेब बिघडतो.

आपल्या सिद्धेश्वर यात्रेचं उदाहरण घ्या. संक्रांतीच्या सुमारास सात नंदीध्वज निघतात. ते पेलणारे आणि सोबत चालणारे शेकडो भक्त पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. त्या गर्दीवर कॅमेरा धरला की ऑटोला वाटतं, उजेड फार झाला. मग तो फोटो काळवंडवतो आणि शुभ्र बाराबंदी मळकट करडी दिसते. आता उलटं उदाहरण. नान्नजच्या माळावर काळवीट दिसतं. नराची पाठ जवळजवळ काळी. ती चौकटीत मोठी आली तर ऑटोला वाटतं, अंधार आहे. तो फोटो उजळवतो, काळी पाठ करडी होते आणि पोटाचा पांढरा भाग पार उडून जातो.

यावर उपाय एका बटणाचा आहे. कॅमेऱ्यावर अधिक-उणे अशी खूण असलेलं बटण असतं. चकती पूर्ण ऑटोवर असेपर्यंत बऱ्याच कॅमेऱ्यांत हे बटण चालत नाही. म्हणून चकती एका घरानं सरकवून 'पी'वर आणायची. पांढरं जास्त असेल तर अधिक एक करायचं, काळं जास्त असेल तर उणे एक. मोबाईलमध्ये पडद्यावर माणसाच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. ते वर ओढलं की उजेड वाढतो, खाली ओढलं की कमी होतो. आयुष्यात एवढं एकच बटण शिकलात तरी निम्मे फोटो सुधारतील.

आता उजेड वाढवायचा म्हणजे कॅमेरा करतो काय? त्याच्याकडे तीन मार्ग असतात. आपल्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पाणी आलं की भांडं भरायचं. नळ किती सोडला आणि किती वेळ सोडला, यावर भांडं किती भरणार ते ठरतं. कॅमेऱ्यात नळ किती सोडला याला ॲपर्चर म्हणतात. लेन्समधलं भोक लहानमोठं होतं, तेच हे. किती वेळ सोडला याला शटर स्पीड म्हणतात. तो सेकंदाच्या भागात सांगतात, म्हणजे साठावा भाग, पाचशेवा भाग. तिसरा मार्ग आयएसओ. पाहुणे वाढले की आपण आमटीत पाणी घालतो, तसा हा प्रकार आहे. आमटी सगळ्यांना पुरते, पण चव पातळ होते. आयएसओ वाढवला की कमी उजेडातही फोटो येतो, पण त्यावर वाळू शिंपडल्यासारखे ठिपके दिसतात.

ॲपर्चरचा आकडा उलटा चालतो, हे मात्र लक्षात ठेवायला हवं. एफ १.८ म्हणजे मोठं भोक, एफ ११ म्हणजे लहान भोक. मोठ्या भोकानं उजेड भरपूर येतो आणि मागचं दृश्य धूसर होतं. लहान भोकानं उजेड कमी येतो, पण जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट दिसतं.

या तिघांचा मेळ कसा घालायचा हे ठरवायला एकच प्रश्न स्वतःला विचारायचा, मला नक्की काय दाखवायचं आहे? ऑटोला हे माहीत नसतं, तुम्हाला असतं.

नंदीध्वज डुलताना पेलणाऱ्याच्या चेहऱ्यावरचा ताण दाखवायचा असेल तर हालचाल गोठवायला हवी. भर दुपारी उजेडाची कमी नसते, त्यामुळे शटर पाचशेव्या भागावर ठेवायला हरकत नाही. त्याच यात्रेत होम मैदानावर रात्री शोभेचं दारूकाम होतं. तिथं हिशेब उलटा. आकाश काळं, म्हणून ऑटो आयएसओ वाढवतो आणि फोटोत ठिपकेच ठिपके येतात. खरं तर आतषबाजी स्वतःच खूप तेजस्वी असते. आयएसओ शंभर, ॲपर्चर एफ ८ किंवा ११, आणि शटर दोन ते चार सेकंद उघडं ठेवायचं. ठिणग्यांच्या रेषा पूर्ण उमटतात. एवढा वेळ हात स्थिर राहत नाही, म्हणून तिपाई म्हणजे ट्रायपॉड लागतो. तो नसेल तर कॅमेरा भिंतीवर टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबतानाचा धक्काही लागत नाही.

पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात आणखी वेगळी अडचण येते. तिथं ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो काढला की त्यावर काळे आडवे पट्टे येतात. बऱ्याच जणींना वाटतं कॅमेरा बिघडला. कॅमेरा ठीक असतो. आपली वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची आहे, म्हणून जुन्या पद्धतीच्या ट्यूबा आणि काही स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्याला ते दिसत नाही. शटर फार वेगवान असेल तर कॅमेऱ्याला ते दिसतं. शटर शंभराव्या किंवा पन्नासाव्या भागावर आणलं की पट्टे जातात. पण मग मागाचे हलते भाग धूसर येतात. येऊ द्या. कापड आणि विणणारा माणूस स्पष्ट, माग धूसर, यातून माग चालू आहे हेच कळतं. धूसर नको असेल तर खिडकीजवळच्या मागापाशी उभं राहायचं, सूर्य लुकलुकत नाही.

आता पैशाचं बोलू. दुकानात मेगापिक्सेलचा आकडा मोठ्यानं सांगतात. आठ बाय बारा इंचाची उत्तम छपाई करायला साधारण नऊ मेगापिक्सेल पुरतात. आज बाजारात मिळणारा जवळजवळ प्रत्येक कॅमेरा त्याच्या पुढे आहे. म्हणून त्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नका. मोजायचेच असतील तर लेन्ससाठी मोजा. कॅमेऱ्यासोबत जी झूम लेन्स येते ती जवळ ओढल्यावर बहुधा एफ ५.६ पर्यंतच उघडते. पन्नास एमएमची एफ १.८ लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत स्वस्तातली असते आणि ती तिच्या नऊ-दहा पट उजेड आत घेते. संध्याकाळी घरात विडी वळत बसलेल्या आजी, देवघरातली समई, झोपलेलं बाळ, हे सगळं फ्लॅश न मारता टिपता येतं. तिला झूम नसतो. पुढे-मागे आपणच चालायचं.

लांब पल्ल्याच्या मोठ्या लेन्सचा मोह नान्नजला जाणाऱ्या प्रत्येकाला होतो. माळढोक अभयारण्य सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर, १९७९ साली जाहीर झालेलं. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा दुपारी तापलेल्या माळावरची हवा थरथरते, तव्यावरची थरथरते तशी. त्या हवेतून लांबचा फोटो काढला तर लाखाची लेन्सही धूसर फोटो देते. लेन्स दुकानदाराला परत करण्याआधी सकाळी सूर्य उगवताना जाऊन बघा. आणि तिथल्या प्राण्या-पक्ष्यांच्या मागे जवळच्या फोटोसाठी धावायचं नाही. ते उठून पळाले की आपला फोटो जातो आणि त्यांचं चरणंही जातं.

यंत्र बायकांचं काम नाही, असं कुणी म्हणालं तर होमाई व्यारावाला यांचं नाव सांगा. १९१३ साली नवसारीत जन्म, मुंबईत शिक्षण, आणि देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरे घेऊन त्या दिल्लीत सायकलवर फिरल्या. त्यांच्या कॅमेऱ्यात ऑटो नव्हतंच. उजेड बघायचा, आकडे लावायचे, बटण दाबायचं, सगळं त्यांचं त्यांनी ठरवलेलं. सुरुवातीला मात्र त्यांचे फोटो पतीच्या नावानं छापून येत. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. फोटो कुणी काढला हे सांगणं का गरजेचं असतं, ते यावरून कळतं. आपण काढलेल्या फोटोमागे नाव आणि तारीख लिहायची सवय आपणही लावून घेऊ.

घेतलेला कॅमेरा सांभाळायचा कसा? लेन्सची काच पदरानं पुसायची नाही. पदरावरची धूळ काचेवर ओरखडे पाडते. आधी रबरी फुग्यानं हवा मारून धूळ उडवा, मग चष्म्याच्या मऊ फडक्यानं हलकेच पुसा. तोंडानं फुंकर मारली तर थुंकीचे थेंब बसतात. यंत्रमागाच्या कारखान्यात हवेत सुताचा भुगा उडत असतो, तिथं लेन्स काढून बदलू नका. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा ठेवू नका, बॅटरी खराब होते. पावसाळ्यात दमट हवेनं काचेवर बुरशी धरते, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून कॅमेरा ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाची भुकटी आत शिरते.

शेवटची गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कॅमेरा गेला तर दुसरा घेता येतो, गेलेला फोटो परत येत नाही. मेमरी कार्ड हे फोटो आणण्याची पिशवी आहे, ठेवण्याचं कपाट नाही. घरी आल्यावर फोटो कॉम्प्युटरवर किंवा हार्ड डिस्कवर उतरवा, आणि दुसरी प्रत आणखी एका जागी ठेवा, शक्यतो दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवरच्या साठवणीत. दोन्ही ठिकाणी फोटो उघडतात हे बघितल्यावरच कार्ड कॅमेऱ्यात घालून फॉरमॅट करा. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीनं पाठवला की तो लहान होतो, त्यामुळे तीच प्रत जपून ठेवली असं समजू नका. छपाईसाठी कुणाला द्यायचा असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. आणि वर्षातून दहा-वीस फोटो तरी कागदावर छापून घ्या. ज्यांचे फोटो आपण परवानगी विचारून काढतो, त्यांना एक छापील प्रत दिली तर पुढच्या वेळी दार आपणहून उघडतं.

या आठवड्यासाठी एक काम. घरातल्या कुणाला तरी दुपारी दाराच्या आत बसवा आणि तुम्ही खोलीत उभ्या राहा. पहिला फोटो त्यांच्या पाठीमागे उघडं दार ठेवून काढा, दुसरा तसाच पण उजेड अधिक करून. मग त्यांना दाराकडे अर्धं वळवून, उजेड एका गालावर घेऊन तिसरा काढा. तिन्ही फोटो शेजारी ठेवून बघा. खर्च शून्य, कॅमेरा तोच, पण तीन फोटोंत तीन वेगळी माणसं दिसतील. त्यातलं कुठलं दाखवायचं ते तुम्ही ठरवा.