बावीस फुटांची उसवण

29 मार्च 2013. गुड फ्रायडेची दुपार. अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात मेफ्लॉवर नावाच्या छोट्या गावात, नॉर्थवुड्स वसाहतीच्या घरांमागून काळंकुट्ट खनिज तेल जमिनीतून वर आलं आणि रस्त्यांवरून वाहू लागलं. खाली एक्सॉनमोबिलची पेगॅसस वाहिनी होती. तिचा 20 इंची पाइप शिवणीवर तब्बल 22 फूट उसवला होता. त्या वेळी आतला दाब होता चौरस इंचाला 708 पौंड आणि मुभा होती 820 पौंडांची. म्हणजे दाब वाजवीपेक्षा वाढला म्हणून पाइप फुटला, असंही म्हणायची सोय नव्हती.

पाइप 1947-48 सालचा. त्या वेळची पद्धत अशी : पोलादी पट्टी रोलांमधून गोल वळवायची, कडांना तांब्याच्या चाकांमधून कमी वारंवारतेची वीज द्यायची आणि तापलेल्या कडा दाबून एकजीव करायच्या. बाहेरून वेगळा धातू भरायचा नाही. आजचा ईआरडब्ल्यू (इलेक्ट्रिक रेझिस्टन्स वेल्डेड) पाइपही याच तत्त्वावर बनतो.

तेव्हाच्या पोलादात गंधक बरंच असे. मँगनीजशी संयोग होऊन त्याचे सल्फाइड कण बनत आणि पत्रा लाटताना तेही चपटे होऊन पत्र्याला समांतर पसरत. तसे पडून असले, तर ते फारसे नडत नाहीत. पण कडा दाबल्या की मऊ धातू वर आणि खाली फुगतो, त्याच्याबरोबर हे थरही वळतात. मग मासे धरायच्या गळासारखी वाकडी चीर तयार होते आणि नेमकी पाइपाला फाडू पाहणाऱ्या ताणाच्या आड येते. मेफ्लॉवरच्या पाइपाची प्रयोगशाळेत तपासणी झाली, तेव्हा अशाच चिरा सापडल्या. शिवणीपाशी चिवटपणाही अत्यंत कमी निघाला.

ताकद आणि चिवटपणा यांची गल्लत करू नये. ताकदीचं पोलाद मोठा भार पेलतं. चिवट पोलादात चीर पडली, तरी ती सहजी धावत नाही. ही वाहिनी पुन्हा वापरात आणण्यापूर्वी, 2005-06 मध्ये, पाण्याचा दाब देऊन तपासली होती. त्या दिवशी शिवण टिकली, एवढंच अशा चाचणीतून कळतं. आत राहिलेली बारीक चीर पुढे दाबाच्या चढउतारांनी किती वाढेल, ते कळत नाही.

आता सेकंदाला लाखो आवर्तनांची वीज वापरतात. 4 लाख आवर्तनांना ती तापलेल्या पोलादात जेमतेम मिलिमीटरभर शिरते. त्यामुळे फक्त कडाच वितळायला येतात आणि त्यांवरचा ऑक्साइड दाबाबरोबर बाहेर फेकला जातो. दाब कमी पडला, तर ऑक्साइडचा पापुद्रा आतच राहतो; जास्त झाला, तर थर अधिक उभे वळतात. मिलवरच्या अनुभवी माणसाची किंमत इथे कळते. गंधक पोलाद बनवतानाच काढलेलं असलं, तर वळायला थरही फारसे उरत नाहीत.

शिवणीची दुसरी खोड म्हणजे ती फार पटकन थंड होते. शेजारचं गार पोलाद उष्णता ओढून घेतं आणि शिवण कडक, ठिसूळ होते. म्हणून पुढे तिला पुन्हा सुमारे 900 अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेत निवू देतात. पण पाइप धावता धावता किंचित फिरतो. वर आलेला धातू आधीच तासून काढलेला असतो, त्यामुळे शिवण डोळ्यांना दिसत नाही. ती हीटरखालून बाजूला सरकली, तर भलताच पत्रा भाजून निघतो आणि शिवण तशीच ठिसूळ राहते.

चिवटपणा मोजायची चार्पी चाचणी वरकरणी सोपी आहे. 55 मिलिमीटर लांब, 10 मिलिमीटर चौरस तुकडा, त्यात 2 मिलिमीटरची खाच, वरून हातोड्याचा एक फटका. तुकडा मोडायला किती ज्यूल लागले, ते लिहून ठेवायचं. मात्र ईआरडब्ल्यूची शिवण इतकी अरुंद असते, की खाच थोडी जरी हुकली, तरी आकडा शेजारच्या पत्र्याचा येतो, आणि तो सहसा छानच असतो. म्हणून तुकड्यावर आम्ल लावून आधी शिवणीची रेघ उठवतात, मगच खाच पाडतात. पाइप विकत घेणाऱ्याने प्रमाणपत्रावरचे ज्यूल वाचण्याआधी हे काम कोणी आणि कसं केलं, ते विचारावं.