उघड्या छताची जुनी मोटार : इंजिनाआधी छत तपासा

जुनी स्पोर्ट्स कार घेताना नजर प्रथम इंजिनाकडे जाते. छत उघडणाऱ्या गाडीत मात्र मोठा खर्च छतातच दडलेला असतो आणि गोव्यासारख्या चार महिने पावसाच्या प्रदेशात तो लवकर उघड होतो.

असे छत मुख्यत्वे कापडी किंवा घडी होणारे धातूचे असते. बीएमडब्ल्यूची ‘झेड४’ आरंभी कापडी छताची होती. २००९च्या पिढीत ॲल्युमिनियमचे छत आले. पण ते उघडताच डिकी ३१० लिटरवरून १८० लिटरवर येई. २०१८मध्ये कंपनी पुन्हा कापडाकडे वळली.

धातूचे छत पाऊस व चोरी यांना अधिक दाद देत नाही. मात्र त्याचे हायड्रॉलिक पंप, सेन्सर बिघडल्यास दुरुस्ती महाग पडते. कापड हलके असते, बदलताही येते. परंतु ते उन्हात विटते व दमट हवेत बुरशी धरते.

हैदराबादेत कोठीसारख्या गजबजलेल्या भागात रस्त्याकडेला उन्हात उभी राहिलेली गाडी वरून निर्दोष दिसली, तरी तिच्या छताच्या रबरी पट्ट्या चिरलेल्या असू शकतात. म्हणून सौद्यापूर्वी छतावर पाण्याची धार सोडून आतील गालिच्याखाली ओल पाहावी. छत तीन-चारदा उघडून मिटवावे. परराज्यातील गाडीसाठी मूळ आरटीओचे ना हरकत प्रमाणपत्र घ्यावे आणि येथील रस्ता करही हिशेबात धरावा.

बंद गॅरेज असल्यास कापडी छत परवडते. गाडी अंगणात उभी राहणार असेल, तर धातूचेच बरे.