पांढऱ्या पाण्याचा जमाखर्च

कोलाडला राफ्टिंग करताना पहिल्याच रॅपिडमध्ये नाकातोंडात जाणारं पाणी मूळचं कुंडलिकेचं नसतंच. ते जायचं होतं बंगालच्या उपसागराला. मुळशीच्या खोऱ्यातला पाऊस मुळेतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि पुढे पूर्व किनाऱ्यावर, असा त्याचा पिढीजात रस्ता. टाटांच्या वीज कंपनीने मुळशीला धरण बांधून तो अडवला, पाणी पश्चिमेकडे वळवलं आणि घाटाखाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडलं. हे वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. त्याआधी, १९२१ पासून, जमिनी बुडणार म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी जो सत्याग्रह केला, त्यानेच पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ केलं. आज पाठीवर सॅक टाकून कोलाडला उतरणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक असतं, कोण जाणे.

एरवी कोकणातली नदी एप्रिल-मेमध्ये म्हणजे गोटे आणि मधूनमधून डबकी. कुंडलिका मात्र उन्हाळ्यातही भरून वाहते, कारण वीज तयार करून बाहेर पडलेलं पाणी रवाळज्याजवळून तिच्या पात्रात येतं. म्हणून इथे राफ्टिंगची वेळ नदी ठरवत नाही. सकाळी काठावर लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून सगळे पाण्याची वाट बघत बसलेले असतात. आमच्यातल्या एकाने गाइडला विचारलं, “दादा, किती वाजेपर्यंत असतं पाणी?” “वरून सोडतील तोवर,” तो म्हणाला. एवढ्या उत्तरात जलविद्युत आणि पर्यटन या दोन्हींचं नातं आलं.

आता ऊर्जेकडे वळू. मुळशीचा तलाव आणि भिरा यांच्यात उंचीचा फरक साधारण पाचशे मीटरचा. एक लिटर पाणी एवढं खाली आलं की सुमारे ४,९०० जूल ऊर्जा मोकळी होते आणि तिचा मोठा वाटा टर्बाइन काढून घेतं. राफ्टवाल्यांसाठी उरतो तो खालच्या दहा-बारा किलोमीटरमधला किरकोळ उतार. एक मीटर उताराच्या रॅपिडमध्ये त्याच लिटरच्या वाट्याला जेमतेम दहा जूल येतात. पण नदीत पाणी लिटरने मोजत नाहीत. समजा सेकंदाला ३० घनमीटर पाणी तो एक मीटर उतरतंय, तर तिथे जवळपास ३०० किलोवॅट खर्ची पडत असतात. तिथे टर्बाइन नाही, पट्टा नाही, तारा नाहीत. मग ही ऊर्जा जाते कुठे?

नेमका हाच प्रश्न जेम्स जूल यांना पडला होता. पडणाऱ्या पाण्याची ऊर्जा शेवटी उष्णता होते, या हिशेबाने १६० फुटांच्या नायगाऱ्याखालचं पाणी वरच्यापेक्षा फॅरेनहाइटच्या एक पंचमांश अंशाने गरम असायला हवं, असं त्यांनी १८४५ मध्ये मांडलं. दोन वर्षांनी लग्नानंतरच्या आल्प्सच्या सफरीत ते विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांना वाटेत भेटले. त्या वेळी जूल यांच्या हातात धबधब्याचं तापमान घ्यायला लांबलचक थर्मामीटर होता, असं थॉमसन यांनी पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. ते त्यांनी थोडं रंगवून सांगितलं असावं असं इतिहासकारांना वाटतं, पण गोष्ट इतकी छान आहे की तिच्यावरून कुणी फार वाद घालत नाही. सालांशच्या धबधब्यावर केलेला प्रयोग मात्र फसला, कारण मोजण्याआधीच पाण्याचे तुषार होऊन उडत होते. आपल्या एक मीटरच्या रॅपिडमध्ये पाणी तापतं ते अंशाच्या हजारातल्या दोन-अडीच भागांनी. हाताला ते कधीच कळणार नाही. डोळ्यांना आणि कानांना जाणवतो तो त्या खर्चाचा मधला टप्पा: पांढरा फेस आणि गर्जना.

रॅपिडच्या तोंडाशी पाणी फसवं असतं. दोन खडकांच्या मधून काचेसारखी गुळगुळीत, खालच्या दिशेने निमुळती होत गेलेली जीभ दिसते. गाइड राफ्ट तिथेच घालतो, कारण सर्वांत खोल आणि मोकळी वाट तीच. तिथे वेग वाढतो, आणि इथे एक मर्यादा आडवी येते. उथळ पाण्यात लाट किती वेगाने पळणार हे पाण्याच्या खोलीवर ठरतं. एक मीटर खोल पाण्यात ती सेकंदाला सुमारे ३.१ मीटर जाते. खुद्द पाणीच याहून वेगाने वाहू लागलं, तर खालच्या अडथळ्याची खबर लाटेच्या रूपाने वर पोचू शकत नाही. वरचं पाणी बेसावध पळत येतं आणि खालच्या संथ, खोल पाण्यावर आदळून एकदम उसळतं. याला हायड्रॉलिक जंप म्हणतात. पाण्याचा वेग आणि लाटेचा वेग यांच्या गुणोत्तराला जहाजांचा अभ्यास करणारे इंग्रज अभियंते विल्यम फ्रूड यांचं नाव आहे. हा आकडा एकाच्या वरून एकाच्या खाली उतरतो तिथे ऊर्जेचा सगळ्यात मोठा खर्च होतो.

हे पाहायला कोलाडला जायलाच हवं असं नाही. मोरीत ताट पालथं घालून त्यावर नळाची धार सोडली की मध्ये पातळ, वेगवान चकती आणि भोवती पाण्याचं उंच कडं दिसतं. ही त्याच जातीची उसळी. मोरीतल्या कड्याला गुरुत्वाकर्षण नव्हे तर पृष्ठताण जबाबदार आहे, असं केंब्रिजच्या संशोधकांनी २०१८ मध्ये मांडलं आणि त्यावर जाणकारांमध्ये चांगलीच जुंपली. नदीतल्या उसळीबद्दल तसा वाद नाही, ती गुरुत्वाचीच.

उसळताना पाणी हवा गिळतं. प्रत्येक बुडबुड्याच्या पृष्ठभागावर प्रकाश वळतो आणि परावर्तित होतो, सगळे रंग सारखेच विखुरतात, म्हणून फेस पांढरा. आवाजही बुडबुड्यांचाच. डच शास्त्रज्ञ मार्सेल मिन्नार्ट यांनी १९३३ मध्ये दाखवलं की नुकताच तयार झालेला बुडबुडा आकसत-फुगत नाद करतो आणि त्याचा सूर आकारावर ठरतो. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला तीन हजारांहून जास्त कंपनं करतो, मोठे बुडबुडे खालच्या सुरात घुमतात. रॅपिड दिसायच्या आधी वळणापलीकडून येते ती घरघर असल्या असंख्य बुडबुड्यांची असते.

या हवेचा राफ्टवर बसलेल्याशी थेट संबंध आहे. चाळीस टक्के हवा मिसळलेलं पाणी साध्या पाण्याच्या साठ टक्केच जड असतं. त्यात वल्हं मारलं तर ते नुसतं सरकतं. “फॉरवर्ड! खोल मारा, खोल!” असं गाइड ओरडतो तेव्हा त्याला फेसाखालच्या हिरव्या, भरीव पाण्यात वल्हं रोवायला हवं असतं. लाइफ जॅकेटचंही तसंच. साध्या पाण्यात डोकं वर राहायला बहुतेक माणसांना तीन ते पाच किलोंची जास्तीची उचल पुरते. फेसात तीच उचल कमी पडते, आणि म्हणून पट्टा ढिला ठेवणाऱ्यावर गाइड खेकसतो. आमच्यातले दोघे फोटोसाठी पट्टे सैल करून बसले होते. त्यांना त्याने सगळ्यांदेखत झापलं ते बरंच झालं.

खडकावरून पाणी उडी घेतं तिथे त्याच्या पायथ्याशी वरचा थर उलटा, खडकाकडे वळतो. या खळग्याला राफ्टवाले ‘होल’ म्हणतात. मोठ्या खडकाच्या आडोशाला, बाजूला, पाणी वरच्या दिशेने फिरत राहतं ती ‘एडी’. तिथे राफ्ट थांबवून दम खाता येतो. या सगळ्याचा आकार नदीच्या पाण्यावर अवलंबून असतो, म्हणून एक ते सहा या आंतरराष्ट्रीय श्रेणीत कुंडलिकेला दुसरी-तिसरी मिळत असली तरी तो आकडा दगडावर कोरलेला नाही. अमेरिकेतल्या कोलोरॅडो नदीने हे चांगलंच दाखवलं. ग्रँड कॅन्यनमध्ये डिसेंबर १९६६ मध्ये एका ओढ्याने दरडीचे धोंडे नदीत आणून टाकले आणि क्रिस्टल हा रॅपिड अवघड होऊन बसला. १९८३ च्या उन्हाळ्यात ग्लेन कॅन्यन धरणातून प्रचंड पाणी सोडावं लागलं, तेव्हा तिथे पाच-सहा मीटरची लाट उभी राहिली आणि मोठमोठ्या राफ्ट तिने उलटवल्या. भूवैज्ञानिक सुझन किफर यांनी तिचा अभ्यास केला: अरुंद झालेल्या पात्रातली ती अवाढव्य हायड्रॉलिक जंपच होती. तीही धरणाच्या कळीवर चालणारी नदी, आपल्या कुंडलिकेसारखी.

पाण्यात पडलात तर पाय पुढे करून पाठीवर तरंगा, उभं राहू नका, असं सुरुवातीलाच सांगतात. यामागे साधा वर्गाचा नियम आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा रेटा चौपट होतो. पाऊल दगडांच्या फटीत अडकलं तर हाच रेटा माणसाला पुढे आडवा पाडतो, आणि कंबरभर पाणीही जीव घ्यायला पुरतं.

तरीही माझ्या मते कुंडलिकेच्या गाजणाऱ्या रॅपिडपेक्षा आपल्या गावोगावचे बंधारे जास्त धोक्याचे आहेत. खडकामागचा होल वाकडातिकडा असतो, त्याला कडेने कुठे ना कुठे फट असते, पाणी माणसाला उशिरा का होईना बाहेर फेकतं. बंधारा सरळ रेषेत, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. पावसाळ्यात त्यावरून पाणी पडायला लागलं की पायथ्याशी सलग उलटा प्रवाह तयार होतो आणि त्याला बाजूने वाट नसते. वर आलेला माणूस पुन्हा भिंतीकडे ओढला जातो, धारेखाली दबतो, पुन्हा वर येतो. भोवती सगळा फेस, म्हणजे तरंगायला आधारही कमी. उडी मीटरभराचीच असते, आवाज बेताचा, आणि वरच्या बाजूने पाहणाऱ्याला तर पाण्याची सपाट कड तेवढी दिसते. चेंडू, बाटल्या, ओंडके तिथे तासन्‌तास गोल फिरताना दिसले तर तो प्रवाह माणसालाही सोडणार नाही, असं समजावं. वाचवायला उडी घेणाराही त्यात अडकतो, खालून नाव नेली तर तीही भिंतीकडे खेचली जाते. म्हणून बचावाचं प्रशिक्षण घेतलेली माणसं तिथे पाण्यात शिरत नाहीत, आधी काठावरून दोर फेकतात.